सेल्फ वॉटरिंग कुंडीत तिखट मिरच्या: आठ महिने झाले, आणि ती लाल दांडी

कुंडी कशी असते ते सांगत बसत नाही. खाली टाकी, वर जाळी, जाळीतून पाणी वर ओढणारी वात, आणि कडेच्या नळीत पाणी किती उरलंय ते दाखवणारी लाल दांडी. चार घेतल्या. दोनात हालापिनो, दोनात हबानेरो. हालापिनोचं एक रोप जास्तीचं आलं, ते फेकायचं जिवावर आलं म्हणून रंगाच्या जुन्या बादलीला भोकं पाडून त्यात लावलं. ही बादली लक्षात ठेवा.

सुरुवात छान झाली. हालापिनो नवव्या दिवशी उगवलं, हबानेरोने मात्र चोवीस दिवस घेतले, बी कुजलं समजून ट्रे उपडा करणारच होतो (हबानेरो लावणाऱ्यांनी धीर धरा, २५ ते ३० अंशांची ऊब मिळाली तरी त्याला वेळ लागतो). कुंडीत लावल्यावर पहिले काही आठवडे पाणी वरूनच घालायचं, मुळं खाली उतरेपर्यंत टाकी भरून उपयोग नाही, हे बॉक्सवर मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय. त्यानंतरचे दोन महिने नुसता आराम. आठवड्यातून एकदा टाकी भरली की काम झालं. तेव्हा रिव्ह्यू लिहिला असता तर पाच स्टार दिले असते, आळस केला तेच बरं झालं.

मग एकदा चार दिवस बाहेर जाऊन आलो तर दोन कुंड्यांतली रोपं माना टाकून उभी. दांडी बघितली, टाकी 'फुल' दाखवत होती. आता मिरचीला पाणी जास्त झालं की मुळं गुदमरतात आणि झाड तस्संच मरगळतं, तहानलेलं आणि बुडालेलं झाड लांबून सारखंच दिसतं. म्हणून मी शहाण्याने अजून दोन दिवस पाणी दिलं नाही!! तिसऱ्या दिवशी कुंडी सरकवायला गेलो तर ती रिकाम्या डब्यासारखी उचलली गेली. टाकीत ठणठणाट. दांडीला टिचकी मारली तशी ती टुपकन खाली गेली.

बाहेर ओढून बघितली तर नळीत शेवाळ, दांडीवर क्षारांची पांढरी खरखरीत पुटं, आणि तिच्या खालच्या तरंगणाऱ्या फ्लोटला केसासारखी मुळं गुंडाळलेली. म्हणजे मिरचीचं मूळ पाण्याच्या वासाने कुठेही घुसणार हे कुंडी बनवणाऱ्याला माहीत नव्हतं का? नळीच्या तोंडाला एक बारीक जाळी लावली असती तर काय बिघडलं असतं.

कस्टमर केअर म्हणालं फोटो पाठवा. पाठवला. मग म्हणे व्हिडिओ पाठवा. अहो, दांडी हलत नाही हीच तक्रार आहे, तिचा व्हिडिओ काढला तरी तो फोटोच दिसणार. नऊ मेलनंतर उत्तर आलं की दांडी ॲक्सेसरी आहे, वॉरंटी फक्त कुंडीला. चारही अडकतात सांगितल्यावर उपकार केल्यासारखी एक नवीन पाठवली, ती पाच आठवड्यांत अडकली.

इथपर्यंत मागच्या महिन्यात रागात लिहून ठेवलं होतं, त्यात थोडी दुरुस्ती. फुलगळीचं खापरही मी दांडीवर फोडलं होतं, ते चूक. त्याच आठवड्यात बादलीतल्या झाडाचीही फुलं गळाली आणि बादलीला दांडी नाही. पारा ३५ च्या वर होता, रात्रीही गार होत नव्हतं, अशात मिरची फूल धरत नाही. ऊन उतरल्यावर सगळीकडे आपोआप फळं धरली. पण हालापिनोची टोकं काळी पडून मऊ झाली ती मात्र दांडीमुळेच, बादलीतलं एकही फळ तसं झालं नाही. मी घाबरून अंड्याची टरफलं कुटून घातली होती. कुंडीतल्या मातीच्या मिश्रणात कॅल्शियम होतंच, ते फळापर्यंत पाण्याबरोबर पोचतं, आणि पाणी कधी भरपूर कधी शून्य असेल तर पोचत नाही. पाणी सुरळीत झाल्यावर पुढची फळं स्वच्छ आली. (हालापिनोच्या सालीवर उभ्या तपकिरी रेघा येतात तो रोग नाही, त्यावर फवारे मारू नका, मी मारले.)

कुंडीच्या बाजूनेही सांगतो. कुंडीतल्या हालापिनोंनी एकेकी सत्तरच्या आसपास मिरच्या दिल्या, बादलीने बावन्न, आणि बादलीला कडक उन्हात दोनदा पाणी घालावं लागायचं. हबानेरो तर एवढे झाले की वाटून टाकले. कापताना ग्लोव्हज घालाच, तिखटपणा बियांत नसतो, बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात त्यात असतो, तिथे बोट लागलं आणि तासाभराने तेच डोळ्याला लागलं. हालापिनो अडीच ते आठ हजार स्कोव्हिल (तिखटपणा मोजायचं एकक), हबानेरो एक ते साडेतीन लाख, हा फरक तेव्हा डोळ्याने समजला. अजून एक, खालून पाणी पिणाऱ्या कुंडीत क्षार वर येऊन मातीवर पांढरी साय धरते, म्हणून महिन्यातून एकदा वरून भरपूर पाणी सोडून धुऊन काढा.

तर कुंडी घ्या, पण दांडीवाली नको. एका कुंडीच्या पैशात साध्या चार आल्या असत्या हे अजूनही डोक्यातून जात नाही. मी आता चारही दांड्या काढल्यात, नळीत काडी बुडवून गाडीचं ऑइल बघतात तसं पाणी बघतो. फळांच्या वजनाने हबानेरोच्या दोन फांद्या झुकल्या होत्या, त्यांना टेकू म्हणून दोन दांड्या लावल्यात. तक्रारीचं टिकेट अजून 'प्रक्रियेत' दाखवतंय.