ट्रकचं एझेड लायसन्स ऑटोमॅटिकवर की मॅन्युअलवर? कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या ट्रक स्कूलचा अनुभव, साडेतीन स्टार

आधीच सांगतो, स्कूलचं नाव लिहिणार नाही, मालक ओळखीतला निघाला आणि माझं रोजचं येणंजाणं त्याच यार्डासमोरून आहे. पण गेल्या दोन महिन्यांत चार मराठी पोरांनी तोच प्रश्न विचारला, "दादा, टेस्ट ऑटोमॅटिकवर देऊ का मॅन्युअलवर?", आणि प्रत्येकाला फोनवर अर्धा अर्धा तास सांगून घसा बसला, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्या ओंटारियो प्रांतात मोठा ट्रेलर ओढायचा तर क्लास ए लागतं, एअर ब्रेकचं झेड त्याला जोडलं की झालं एझेड, सगळे तेच म्हणतात. त्यासाठी कारचं फुल जी लायसन्स हवं, त्याच्या आधीच्या टप्प्याचं जी२ चालत नाही, मग मेडिकल, डोळे, लेखी परीक्षा, ते सगळं होऊन जातं, त्यात काही नाही. १ जुलै २०१७ पासून मेल्ट नावाचं सक्तीचं ट्रेनिंग आहे, कमीत कमी १०३.५ तास, तो अर्धा तास कुणी आणि कसा मोजला देव जाणे. आणि खरी भानगड १ जुलै २०२२ पासूनची. तेव्हापासून क्लास ए ची रोड टेस्ट ऑटोमॅटिक ट्रकवर दिली की लायसन्सवर तशी अट पडते, मग मॅन्युअल ट्रेलर-ट्रक चालवायचा नाही. अट काढायची असेल तर मॅन्युअल ट्रक घेऊन परत रोड टेस्ट. अमेरिकेतही तसंच आहे, तिकडे त्याला ई रिस्ट्रिक्शन म्हणतात, माझा साडू न्यू जर्सीला असतो त्याच्या सीडीएलवर, म्हणजे तिकडच्या ट्रक लायसन्सवर, ते आहे आणि त्याचं काही अडलेलं नाही, हेही सांगून ठेवतो.

आता माझं. मी मूळचा कोल्हापूरचा, कार शिकलो मारुती ८०० वर, इथे येऊन सहा वर्षं मिसिसागाच्या वेअरहाऊसमध्ये फोर्कलिफ्ट चालवली. डॉकवर येणाऱ्या ड्रायव्हरांकडे बघून बघून वाटायला लागलं की हे आपल्यालाही जमेल. आणि घरात ट्रक होताच, माझे मामा वाशी मार्केटला गुळाचा माल घेऊन जायचे, टाटाची जुनी गाडी, त्यांच्या शेजारी बसून मी लहानपणी दोनदा बोरघाट उतरलोय. त्यामुळे क्लच, गिअर आपल्याला येतं अशी एक घमेंड डोक्यात होती, ती पुढे कशी उतरली ते सांगतोच.

स्कूलमध्ये गेलो तर काउंटरवरची ताई म्हणाली, "भाईजी, आजकल मॅन्युअल कौन चलाता है, ऑटोमॅटिक लो, फर्स्ट अटेम्प्ट पास." ऑटोमॅटिकपेक्षा मॅन्युअलला सहाशे डॉलर जास्त, वर तेरा टक्के एचएसटी, म्हणजे इथला विक्रीकर. मी ऑटोमॅटिकचे पैसे भरले. तीन दिवस चालवला पण, आणि खरं सांगू, मजा आली, ड्राइव्ह टाकायचं आणि निघायचं, सगळं लक्ष आरशांत आणि ट्रेलरच्या मागच्या चाकांकडे.

मग बदललं कशाला? तर शनिवारी सुट्टी होती म्हणून मी पाच-सहा ठिकाणी फोन लावले, नवीन ड्रायव्हर घेता का म्हणून. मोठ्या फ्लीटवाल्यांनी ऑटोमॅटिक का मॅन्युअल हे विचारलंच नाही, त्यांचा एकच प्रश्न, एक्सपिरियन्स किती, कारण नव्या माणसाला त्यांची इन्शुरन्सवाली कंपनीच घेऊ देत नाही. आणि जे छोटे होते, खडी-मातीचे डंप ट्रेलर, मशिनरी ओढणारे फ्लोट, दहा-बारा गाड्यांचे मालक, ते नव्याला घ्यायला तयार होते पण त्यातल्या तिघांनी पहिला प्रश्न केला, "लायसन्सवर रिस्ट्रिक्शन तर नाही ना?" कारण त्यांच्या निम्म्या गाड्या जुन्या, तेरा नाहीतर अठरा गिअरवाल्या. म्हणजे जो नव्याला उभा करतो त्याच्याकडेच मॅन्युअल आणि ज्याच्याकडे सगळं ऑटोमॅटिक तो नव्याला उभा करत नाही. हे माझ्या पाच-सहा फोनांवरून सांगतोय, तुमच्या भागात वेगळं असू शकतं, पण सोमवारी सकाळी जाऊन मी सहाशे डॉलर भरले.

आणि मग सुरू झाली खरी शाळा.

आमच्या गाडीला ईटन फुलरचा दहा गिअरचा बॉक्स होता. त्यात कारसारखं सिंक्रोमेश नसतं. कारमध्ये ती रिंग दोन दातेरी चाकांचा वेग आपोआप जुळवून देते, इथे ते जुळवायचं काम तुमचं, इंजिनचे आरपीएम (मिनिटाचे फेरे) आणि गाडीचा वेग यांचं बरोबर जमलं तरच गिअर आत जाणार नाहीतर जाणारच नाही, ताकद लावून उपयोग नाही. म्हणून डबल क्लच. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, आरपीएम पडू द्या, परत क्लच दाबा, मग गिअर. खाली आणताना उलटं, न्यूट्रलमध्ये क्लच सोडून ॲक्सिलरेटरला एक टिचकी मारून आरपीएम वर न्यायचे आणि मग खालचा टाकायचा. आणि क्लच कारसारखा तळापर्यंत दाबायचा नाही, दोन-तीन इंच बास. तळाला क्लच ब्रेक असतो, तो फक्त उभ्या गाडीत पहिला किंवा रिव्हर्स टाकताना. चालत्या गाडीत तळ गाठला तर गिअर तर जात नाहीच, वर क्लच ब्रेकची वाट लागते. माझा मारुती ८०० वाला पाय दर वेळी तळाला. दर वेळी!

त्यात तो खटका. नॉबला पुढून एक छोटा खटका असतो, खाली असताना १ ते ५, वर केला की त्याच जागा ६ ते १० होतात. पाचवा असतो उजवीकडे खाली आणि सहावा एकदम डावीकडे खाली, जिथे मगाशी पहिला होता. खटका वर करायला विसरलात तर तुम्ही पळत्या गाडीत पहिला टाकायला बघताय. दुसऱ्या दिवशी मी तेच केलं, सिग्नल सुटल्यावर एका प्लाझासमोर. कर्रर्रर्र असा आवाज आला की बस स्टॉपवरच्या दोन आज्या वळून बघायला लागल्या, मी घाबरून क्लच तळाला दाबला, मग काहीच जाईना, गाडी न्यूट्रलमध्ये घरंगळतेय, मागे हॉर्न, आणि शेजारी आमचे उस्ताद शांतपणे चहाच्या कपाचं झाकण लावतायत.

उस्ताद म्हणजे इन्स्ट्रक्टर, पंजाबी, साठीचे, सगळी पोरं त्यांना उस्तादजीच म्हणतात. ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "पुत्तर, सुई मत देख, आवाज सुन." पंधराशे आरपीएमला ॲक्सिलरेटर सोडून न्यूट्रल केला की बाराशेच्या आसपास एक क्षण असा येतो की गिअर दोन बोटांनी ढकलला तरी आत पडतो. तो क्षण मीटरवर बघायला गेलात तर निघून जातो. मला तो सापडायला आठ दिवस लागले, आणि सापडला तेव्हा उस्तादांनी माझ्याकडे न बघता नुसती मान हलवली, त्या मान हलवण्याचे मी स्कूलला वेगळे पैसे दिले असते.

त्या रात्री मामांना व्हिडिओ कॉल केला. म्हटलं मामा, इथे डबल क्लच शिकवतायत. ते हसायलाच लागले, "लेका, आम्ही दुसरं काय करत होतो? क्लीनर असताना उस्तादाचा मार खाऊन शिकलो, तू पैसे देऊन शिक." मग म्हणाले, घाटात गिअर सुटला तर परत पडत नाही, म्हणून उतार लागायच्या आधीच खालच्या गिअरला यायचं, ब्रेकवर भरवसा ठेवायचा नाही. हेच्या हेच वाक्य आमच्या मेल्टच्या पुस्तकात इंग्रजीत आहे. इथे घाट कुठला म्हणा, हॅमिल्टनला शंभरेक मीटरचा उंचवटा आहे त्यालाच लोक माउंटन म्हणतात, मी मामांना दाखवला तर म्हणाले एवढ्यावर तर आमची एसटी तिसऱ्यात जाते.

आता स्कूलच्या तक्रारी, कारण रिव्ह्यू आहे. ऑटोमॅटिकच्या तीन गाड्या आणि मॅन्युअलची एक. त्या एकीवर आम्ही चौघं. म्हणजे एक चालवतोय, तिघं मागे बंकवर, म्हणजे सीटमागच्या झोपायच्या जागेवर, गुडघे पोटाशी घेऊन बसलेत. माझी वही होती, पहिल्या आठवड्यात स्टिअरिंगवर माझे हात किती वेळ होते ते मी लिहून ठेवलं आणि ऑफिसात नेऊन दाखवलं तेव्हा कुठे सकाळी सहाची बॅच वेगळी करून दिली. दुसऱ्याचं चालवणं बघूनही शिकतो माणूस, नाही असं नाही, पण बघायचे आणि चालवायचे तास एका रकान्यात घालू नका की. हिटर अर्धवट चालायचा, जानेवारीत. आणि सगळ्यात राग कशाचा आला तर टेस्टला दुसरीच गाडी दिली. आमचीच म्हणे दुरुस्तीला गेली. मॅन्युअलमध्ये प्रत्येक क्लचची पकड वेगळी, हाताला-पायाला ती सवय व्हायला अर्धा दिवस तरी जातो, आणि मला दिली वीस मिनिटं. पहिल्या टेस्टला चढावर डावीकडे वळताना गाडी बंद पडली, परत सुरू केली तर चुकून तिसरा पडला, परत बंद. नापास. चूक माझी, पण गाडी ओळखीची असती तर कदाचित निभावलं असतं. दुसऱ्या वेळी आमची नेहमीची गाडी होती, पास झालो. प्री-ट्रिपला, म्हणजे निघायच्या आधीच्या गाडीच्या तपासणीला, आणि रिव्हर्सला दोन्ही वेळा काही अडचण नव्हती, ते उस्तादांनी घोटून घेतलं होतं.

आता आज काय चालवतो? तर हसा, आठवड्यातले चार दिवस व्होल्वो, आय-शिफ्टवाली. लोक ऑटोमॅटिक म्हणतात पण आय-शिफ्ट काय, डेट्रॉइटची डीटी१२ काय, आतून बारा गिअरचा बॉक्स आणि क्लच आहेच, फक्त दाबायचं नि टाकायचं काम कॉम्प्युटर करतो. टॉर्क कन्व्हर्टरवालं खरं ऑटोमॅटिक म्हणजे ॲलिसन, कचऱ्याच्या गाड्यांना वगैरे असतं. लायसन्सच्या हिशोबात सगळे एकच, सेमी-ऑटोमॅटिकसुद्धा. आणि गाडी खरंच चांगली आहे हो. ४०१ हायवेवर संध्याकाळी चारला, चालते-थांबते-चालते, तिथे मॅन्युअल असता तर डावा गुडघा गेला असता. डिझेलही बरं देते, कारण नवखा असो की जुना, गिअर योग्य आरपीएमलाच बदलतो. एकच कटकट, डॉकला मागे लावताना इंच इंच सरकायचं असतं तिथे ती मधेच धक्का देते, तिथे आपला क्लच असता तर बरं असं रोज वाटतं.

पाचव्या दिवशी मालक मला जुना तेरा गिअरवाला देतो, खडीच्या डंपला. त्या एका दिवसामुळे त्याने मला घेतलं, हे त्याने स्वतः सांगितलं, त्याच्याकडे अट असलेल्या दोघांचे अर्ज माझ्याआधी पडून होते. माझे सहाशे डॉलर तिथे वसूल झाले. पण माझ्याच बॅचचा एक गुजराती पोरगा ऑटोमॅटिकवर पास झाला, त्याच्या काकाचीच कंपनी, सगळ्या नव्या गाड्या, तो माझ्या सहा आठवडे आधी कमवायला लागला. त्याला मॅन्युअल घे म्हणणं मूर्खपणा झाला असता.

त्यामुळे मला विचाराल तर नोकरी आधीच ठरलेली असेल आणि तिथे सगळं ऑटोमॅटिक असेल, तर बिनधास्त ऑटोमॅटिकवर द्या, त्यात कमीपणा काही नाही, हायवेवर नव्या गाड्या बहुतेक त्याच आहेत. कुणी ओळखीचं नसेल, कोण घेईल त्याच्याकडे उभं राहायचं असेल किंवा पुढे स्वतःची जुनी गाडी घ्यायचा विचार असेल, तर मॅन्युअल, आणि आत्ताच. नंतर बघू, अट काय कधीही काढता येते, असं म्हणणारे मी बरेच बघितले, एकदा पगार सुरू झाला की कुणी सुट्टी काढून टेस्टला जात नाही.

स्कूलला साडेतीन. बंकवर बसवल्याचा एक स्टार कापला, टेस्टच्या गाडीचा अर्धा, हिटर माफ. उस्तादांना पाचपैकी पाच.

पैसे भरायच्या आधी यार्डात जाऊन मॅन्युअलची गाडी कुठली ते दाखवायला सांगा, एका गाडीवर किती जण ते विचारा, टेस्टला तीच देणार हे पावतीवर लिहून घ्या. आणि हिवाळ्यात जात असाल तर ते जाड सोलचे स्नो बूट घालून चालवायला बसू नका, क्लच कुठे लागतोय ते पायाला कळतच नाही, मी डब्याच्या पिशवीत साधे कॅनव्हासचे बूट न्यायचो.