शिकागोच्या एका हिवाळ्यानंतर: ९६ टक्केवाली गॅस फर्नेस

गेल्या ऑक्टोबरमध्ये नेपरव्हिलच्या आमच्या घरातली घर तापवणारी ८० टक्केवाली जुनी फर्नेस काढून ९६ टक्के एएफयूईची (म्हणजे वर्षभरात जळलेल्या गॅसपैकी ९६ टक्के उष्णता घराला देणारी) नवी बसवली. आता एप्रिल संपत आलाय, हीट बंद झालीय, म्हणजे लिहायला हरकत नाही. कंपनीचं नाव देत नाही. या दर्जाच्या बहुतेक फर्नेस आतून सारख्याच चालतात, खरा फरक पडतो तो बसवणाऱ्याच्या हाताने.

फर्नेसवर आम्ही खूश आहोत. दोन टप्प्यांचा बर्नर मंद आचेवर बराच वेळ चालतो, त्यामुळे आधी गरम झोत आणि मग गारठा हा जुना प्रकार थांबला. वरच्या मजल्यावरच्या खोल्याही आता नीट तापतात. जुन्या यंत्रात १०० डॉलरच्या गॅसमागे २० डॉलरची ऊब चिमणीवाटे जायची, आता चारेक डॉलरची जाते. यात दुसरा हीट एक्स्चेंजर असतो. तो धुरातल्या वाफेचं पाणी करतो आणि त्यातून सुटणारी उष्णताही घराला देतो. धूर इतका निवतो की तो पीव्हीसीच्या साध्या पाइपातून बाहेर सोडता येतो.

पण देखभालीचं नवं कामही याच पाण्यामुळे येतं. ते किंचित आम्लधर्मी असतं आणि त्याचा सतत निचरा व्हावा लागतो. जानेवारीत ऐन थंडीच्या रात्री फर्नेस बंद पडली. दिवा लुकलुकत होता, दाराच्या आतल्या तक्त्यात त्याचा अर्थ प्रेशर स्विच असा निघाला. बाहेरचे पाइप मोकळे होते. टेक्निशियनला निचऱ्याच्या वाटेवरच्या पाण्याच्या ट्रॅपमध्ये प्लॅस्टिकचे बारीक तुकडे आणि गाळ सापडला. ट्रॅप धुतला, फर्नेस सुरू झाली. असा स्विच तार जोडून बायपास करण्याचा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका. धूर नीट बाहेर जात नसेल तर बर्नर पेटू न देणं हेच त्याचं काम आहे. बाहेरच्या भिंतीवरचे दोन्ही पाइपही मोठी बर्फवृष्टी झाली की पाहायचे. वाऱ्याने साचलेला बर्फ हाताने काढायचा, फावडं मारलं तर पाइप तडकतो.

फिल्टरबद्दल थोडक्यात. आमच्याकडे चार इंची, मर्व्ह ११ चा आहे (मर्व्हचा आकडा जितका मोठा, तितके बारीक कण फिल्टर अडवतो). रोजची फोडणी आणि देवापुढची उदबत्ती असलेल्या घरात तो पाकिटावरच्या मुदतीआधीच काळवंडतो, म्हणून दर महिन्याला काढून बघते. बाण फर्नेसच्या दिशेने हवा. एक इंची खाचेत मर्व्ह १३ घातला की हवा जास्त शुद्ध होईल असं वाटतं, पण त्यात हवा कोंडू शकते, हीट एक्स्चेंजर जास्त तापतो आणि लिमिट स्विच बर्नर बंद करतो. हे वारंवार झालं तर एक्स्चेंजरला तडा जाण्याची भीती असते.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. फर्नेस बदलताना वॉटर हीटरकडे बघा. जुनी फर्नेस आणि साधा गॅस वॉटर हीटर, दोघांचा धूर एकाच चिमणीतून जायचा. फर्नेस पीव्हीसीवर गेली की एवढ्या रुंद, गार चिमणीत वॉटर हीटरचा थोडासा धूर एकटा उरतो. तो वाटेतच थंडावतो, वर चढत नाही आणि उलटा बेसमेंटमध्ये उतरू शकतो. त्यातच कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, ज्याला ना रंग ना वास. कोटेशन देणाऱ्यांपैकी एकानेच हा विषय स्वतःहून काढला आणि चिमणीत लहान व्यासाचा लायनर, म्हणजे आतून एक अरुंद नळी, घालायला सांगितलं. पैसे जास्त लागले, तरी काम त्यालाच दिलं.

आपल्या घरांत स्वयंपाकघराचा हूड जोरकस असतो. तो घरातली हवा बाहेर ओढतो आणि चिमणीतला धूर खाली खेचू शकतो. म्हणून खिडक्या बंद करून हूड, बाथरूमचे पंखे आणि ड्रायर एकदम चालू करते, गरम पाणी सोडते आणि वॉटर हीटर पेटल्यावर पाचेक मिनिटांनी त्याच्या वरच्या टोपीच्या कडेला उदबत्ती धरते. धूर आत ओढला गेला तर ठीक. तो बाहेर ढकलला गेला तर हीटर बंद, खिडक्या उघड्या आणि लगेच टेक्निशियनला फोन.

कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर तर हवाच. इलिनॉयमध्ये २००७ पासून झोपण्याच्या प्रत्येक खोलीपासून १५ फुटांच्या आत तो कायद्यानेच लागतो. आम्ही बेसमेंटमध्येही एक लावलाय. मागे छापलेली मुदत वाचा, कारण सेन्सर कायमचा टिकत नाही. हवेत ७० पीपीएम (दहा लाख भागांत ७० भाग) कार्बन मोनॉक्साइड असला तर हे डिटेक्टर एक ते चार तासांनी वाजतात, त्यामुळे वाजला नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही. ताप नसताना घरातल्या सगळ्यांचं डोकं दुखतंय, मळमळतंय आणि बाहेर गेलं की बरं वाटतंय, असं असेल तर आधी घराबाहेर पडा. आई-बाबा पुण्याहून हिवाळाभर आले होते. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरच्या बातम्या त्यांनी वाचलेल्या, त्यामुळे डिटेक्टरचे चार बीप वाजले की कोट शोधत न बसता बाहेर, हे त्यांना एकदाच सांगावं लागलं. गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणालाही हात लावायचा नाही, फोन बाहेर जाऊन करायचा, हेही सांगितलं.

वार्षिक सर्व्हिसिंगची वेळ सप्टेंबरची घेतली आहे, कारण पहिल्या गारठ्यानंतर कुणी लवकर मिळत नाही. फ्लेम सेन्सर (ज्योत पेटली का हे ओळखणारा) साफ करणं आणि ट्रॅप धुणं ही कामं त्यात असलीच पाहिजेत. शिवाय धुरातला कार्बन मोनॉक्साइड किती, हवा आत येताना आणि बाहेर जाताना तापमानात फरक किती आणि तो यंत्रावर छापलेल्या मर्यादेत बसतो का, हे आकडे कागदावर लिहून मागते. नुसती टॉर्च मारून 'सब ठीक' म्हणणाऱ्याला मी पुन्हा बोलावत नाही.