हौशी क्लासिकल गिटार ग्रुपमधे ११ महिने (फोंडा ते पणजी, बसने)

गेल्या जुलैत पैसे भरले, आता परत जून लागला आणि रिन्यूअलचा मेसेज येऊन पडलाय, म्हणून म्हटलं एकदाचं लिहून टाकूया. ओळखीतल्या दोघातिघांनी विचारलं पण होतं की वर्षाला दीड हजार देतोस ते नक्की कशाचे, क्लास आहे का, सर्टिफिकेट मिळतं का. तर क्लास नाहीये. सर्टिफिकेटचा तर प्रश्नच नाही, ट्रिनिटीच्या (लंडनच्या संगीत परीक्षा) ग्रेड करणारी मुलं येतात पण ती शिकतात आपापल्या टीचरकडे, इथे फक्त वाजवायला येतात. दर दुसऱ्या रविवारी चार वाजता (म्हणजे पावणेपाच) पणजीत मळ्याजवळ एका जुन्या घराच्या हॉलमधे पंधरा-वीस जण जमतात, ज्याने जे बसवलंय ते तो वाजवून दाखवतो, मग चहा, मग चार-चार गिटारींची एकत्र प्रॅक्टिस, आणि वर्षातून तीन-चार छोट्या कॉन्सर्ट. एवढंच.

मी कुठून बोलतोय ते आधी सांगतो. घर फोंड्याकडे, घरात भजन, मी सातवीपासून पेटी वाजवतोय, चवथीच्या आरत्या, देवळातला सप्ताह, नाट्यगीतांचे कार्यक्रम, सगळीकडे. बाबा लहानपणी कला अकादमीत केसरबाई केरकर संगीत समारोहाला न्यायचे त्यामुळे कान तसे बरे आहेत. पण गिटार म्हणजे आमच्या डोक्यात एक तर चर्चमधली नाहीतर शॅकमधली. नायलॉन तारांची, नखांनी वाजवायची, एकाच माणसाने खालचा बास आणि वरची चाल दोन्ही सांभाळायची, ही भानगड चाळिशीनंतर कळली. लोकांना अजून कळत नाही. शेजारचे एकदा म्हणाले फादो (ती पोर्तुगीज गाणी) वाजव बघू. अहो ती पोर्तुगीज गिटार वेगळी, बारा स्टीलच्या तारांची, पेरूसारख्या पोटाची, आणि गंमत म्हणजे आपल्या या साध्या गिटारला पोर्तुगीजमधे विओला म्हणतात. असो.

गिटार घेतली मडगावला, पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला निघालेल्या एका मुलाकडून, सेकंडहँड. वरची फळी अख्ख्या सीडरची, प्लायवूडची नाही, म्हणून मी फार खूश होतो. तो आनंद पहिल्या पावसाळ्यापर्यंत टिकला. गोव्यात जुलैत हवेत किती पाणी असतं ते वेगळं सांगायला नको, कपाटातल्या चपलांना पण बुरशी येते, आणि अख्ख्या लाकडाची फळी ते पाणी पिते, फुगते, वर येते, तिच्याबरोबर तारा वर येतात. बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) सहावी तार साधारण ४ मिलिमीटर वर असावी लागते, माझी ५ च्या वर गेली होती, दाबून दाबून बोटं दुखायची. मी शहाण्याने काय केलं तर यूट्यूब बघून तारांखालची हाडाची पट्टी, सॅडल म्हणतात ती, काढली आणि सॅंडपेपरवर घासून खाली आणली. एकदम लोण्यासारखी वाजायला लागली. ग्रुपमधे कौतुकाने सांगितलं तर अंकल (ग्रुप तेच चालवतात, बँकेतून रिटायर झालेत) नुसते हसले आणि म्हणाले, "बाब, जानेवारीत भेट."

जानेवारीत हवा कोरडी झाली, फळी बसली, आणि तारा खाली येऊन फ्रेटवर खडखडायला लागल्या. पहिल्या तीन फ्रेटवर काही वाजवा, डब्यात सुटे पैसे हलवल्यासारखा आवाज. घासलेलं हाड परत वाढत नाही. तेव्हा कळलं की ग्रुपमधल्या जुन्या लोकांकडे दोन-दोन सॅडल असतात, एक पावसाळी एक हिवाळी, कॉन्सर्टचं कागद ठेवतात त्याच फोल्डरमधे छोट्या पाकिटात घालून. हे मला जुलैतच कोणी का नाही सांगितलं असं विचारलं तर अंकल म्हणे सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस का. ग्रुपची ही एक खोड आहे, माणसाला आपटू देतात.

तारांचं पण सांगतो कारण खर्च तिथेच होतो. वरच्या पातळ तीन साध्या नायलॉनच्या, त्या टिकतात. खालच्या तीन म्हणजे नायलॉनच्या धाग्यांवर चांदीचं पाणी दिलेली तांब्याची तार गुंडाळलेली, त्या आपल्या घामाने आणि खाऱ्या हवेने महिन्याभरात काळ्या पडतात आणि आवाज बसतो. पूर्वी म्हणे आतड्याच्या तारा असायच्या, दुसऱ्या महायुद्धात आतडं जखमा शिवायला जायला लागलं म्हणून मिळेना आणि मग न्यूयॉर्कमधे ऑगस्टीन नावाच्या कारागिराने सेगोविया या स्पॅनिश गिटारवादकासाठी नायलॉनच्या बनवल्या. हे सगळं मला चहाच्या वेळी कळलेलं आहे, आणि खरं सांगतो, त्या दीड हजारातले पाचशे तर चहाच्या गप्पांचेच धरा.

आता वाचण्याचा त्रास. पेटीवाल्याला वाटतं स्वर म्हणजे एक पट्टी, दाबली की वाजली, संपलं. गिटारवर तोच एक वरचा ई, पहिली तार मोकळी सोडली की तोच, दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटला तोच, तिसरीच्या नवव्याला तोच, चौथीच्या चौदाव्याला पण तोच, आणि कागदावर चारही एकाच जागी काढलेले. कुठला घ्यायचा ते आधीचा आणि पुढचा स्वर बघून आपण ठरवायचं. पहिले तीन महिने मी नोटेशनखाली पेन्सिलने सारेगम लिहायचो, अकरा वर्षांचा एक मुलगा शेजारी बसून ते कुतूहलाने बघायचा, मग त्यानेच मला एक दिवस विचारलं की तुमचा सा हलतो तर मग तुम्ही वाचता कसं. उत्तर नव्हतं. सारेगम लिहिणं बंद केलं.

पहिली कॉन्सर्ट सप्टेंबरअखेर, चवथ होऊन आठ-दहा दिवस झाले होते. चवथीच्या आदल्या रात्री माटोळी (गणपतीवर फळं-पानं टांगायची चौकट) बांधताना केवणीच्या दोराची गाठ ओढली आणि उजव्या अंगठ्याचं नख पार बोटापर्यंत तुटलं. चार महिने जपलेलं नख हो, भांडी घासताना हातमोजे घालून घरच्यांची बोलणी खाल्लेली. अंगठ्यावर सगळा बास असतो. घरी कोणाला हे दुःख कळेना, आई म्हणाली नारळ तरी पडला नाही ना. ग्रुपवर फोटो टाकला तर डॉक्टरबाईंचा (दुसरी गिटार वाजवतात) रिप्लाय, रविवारी लवकर ये. गेलो तर पर्समधून टेबलटेनिसचा बॉल निघाला. त्याची गोलाई नखासारखीच असते, त्यातला चंद्रकोरीएवढा तुकडा कापायचा, राहिलेल्या नखाखाली सुपरग्लूने चिकटवायचा आणि बारीक पॉलिश पेपरने घासत घासत आकार द्यायचा, आणि हे सगळं त्यांनी टाके घालावेत तशा शांतपणे केलं. बॉल पण जुना सेल्युलॉइडचाच पाहिजे म्हणे, २०१४ पासून प्लॅस्टिकचे यायला लागले त्याचा आवाज त्यांना आवडत नाही, म्हणून त्यांनी जुने डझनभर जपून ठेवलेत. ते नख दोन आठवडे टिकलं, अगदी खरं सांगायचं तर माझ्या स्वतःच्या नखापेक्षा बरं वाजत होतं.

त्या कॉन्सर्टचं मात्र विचारू नका. या गिटारचा आवाज मुळात लहान, माईक आम्ही लावत नाही, त्यामुळे सुरू व्हायच्या आधी कोणीतरी ओरडतं "फॅन बंद करात रे" आणि मग चाळीस माणसं घामात निथळत बसतात. वर मंगळुरी कौलं आणि सप्टेंबरचा जाता पाऊस. मी वाजवत होतो तारेगा या स्पॅनिश संगीतकाराची लाग्रिमा, दोन मिनिटांची चीज आहे, पहिला भाग ई मेजरमधे, मधला ई मायनरमधे, मग परत पहिला. मायनरचा भाग संपला, पावसाची एक सर आली म्हणून मी तिला जरा जाऊ द्यावं म्हणून थांबलो, लोकांना वाटलं संपलं, टाळ्या. आणि मी काय करावं? मी उठून नमस्कार केला. म्हणजे अंतरा गाऊन मुखडा न घेताच पेटी बंद करण्यातला प्रकार. भजनात असं केलं असतं तर पखवाजवाल्याने तिथल्या तिथे मान पकडली असती. इथे सगळे अगदी प्रेमाने "नाइस, नाइस" म्हणाले, फक्त त्या अकरा वर्षांच्या मुलाने जिन्यात गाठून विचारलं, "रिपीट नाही घेतला?"

सगळ्यात जास्त जे मिळालं ते चौघांच्या वाजवण्यात. नोव्हेंबरात मला चौथ्या गिटारला बसवलं, पहिली एक आठवी ग्रेड करणारी मुलगी, दुसऱ्या डॉक्टर, तिसरे अंकल. अंकलनी एका जुन्या मांडोची (गोव्यातलं संथ कोंकणी गाणं) मांडणी चार गिटारींसाठी केली होती, माझी सहावी तार डी ला उतरवलेली आणि काम काय तर मधे नऊ बार (ठरावीक मात्रांचे खंड) गप्प बसायचं आणि दहाव्याला खालचा डी, एकच. सोपं वाटतं ना. मला ठेक्याची सवय. तबला चालू असला की कुठेही हरवलो तरी समेवर सगळे भेटतातच, तबलजी सांभाळून घेतो. इथे ठेका धरणारं कोणी नाही, चौघे आपापल्या मनात मोजतायत, आणि मांडोची चाल अशी संथ की मधेच सगळे थोडे रेंगाळतात, मग परत धरतात. डिसेंबरच्या कॉन्सर्टला मी आठ बार मोजून नवव्याला तो डी दिला. चांगला खणखणीत दिला. मग दहाव्याला परत द्यावा की नको या विचारात तो पण गेला. तिघांपैकी कोणी हललं नाही, अंकलनी फक्त चष्म्यावरून एकदा बघितलं.

पुढच्या रविवारी बोलणं वगैरे काही नाही. माझी खुर्ची उचलून त्यांनी स्वतःच्या समोर तिरकी लावली आणि म्हणाले मोजू नको, माझ्याकडे बघ. मला वाटलं मान हलवतील. मान नाही हलवत, श्वास घेतात. प्रत्येक ओळीच्या आधी खांदे एवढेसे वर जातात, पहिल्या गिटारची मुलगी पण तेच करते, डॉक्टर तर नाकाने आवाज करून घेतात. महिनाभर मी नुसते तिघांचे खांदे बघत वाजवलं आणि मग कधीतरी लक्षात आलं की त्या नऊ बारांत मी मोजतच नाहीये, तरी डी बरोबर जागेवर पडतोय. आता सप्ताहात पेटीवर बसलो की बुवांच्या खांद्याकडे लक्ष जातं, तानेच्या आधी कळतं कुठे उतरणार. बुवांनी विचारलं हल्ली काय खातोस.

तक्रारी पण आहेत, त्या लिहिल्या नाहीत तर जाहिरात होईल. वेळ पाळत नाहीत हे वर आलंच, फोंड्याहून तासभर बसमधे गिटार मांडीवर घेऊन येणाऱ्याला ते जास्त लागतं, शेवटची सोयीची बस चुकली की रात्री कोणाच्या तरी स्कूटरवर पाठीला केस लावून जावं लागतं. काय वाजवायचं ते तीन माणसं ठरवतात. निवेदन फक्त इंग्रजीत, मी दोनदा म्हटलं दोन वाक्यं कोंकणीत नाहीतर मराठीत बोला, आई आली होती तिला काही कळलं नाही, तर हो हो म्हणाले आणि पुढच्या वेळी परत तेच. मार्चची कॉन्सर्ट तर हॉलवाल्यांनी चार दिवस आधी दुसऱ्या कुणाला तरी हॉल देऊन टाकला म्हणून रद्द झाली, आगाऊ रक्कम परत मिळवायला अंकलना चार खेपा घालाव्या लागल्या. नाट्यगीत बसवायची माझी सूचना पण बारगळली, पण त्यात चूक माझीच, फ्रेट असलेल्या नायलॉन तारेवर मींड (स्वरावरून स्वरावर घसरत जाणं) येऊन येऊन येणार किती, अर्ध्या स्वराच्या पुढे जीव जात नाही, आणि मींड काढून टाकली की नाट्यगीत शाळेच्या प्रार्थनेसारखं वाटतं. (पेटीवर पण मींड नसते असं डॉक्टर म्हणाल्या. बरोबर आहे, पण पेटीच्या पुढे गाणारा असतो.)

फेब्रुवारीत आम्ही सातआठ जण मिळून जुन्या गोव्याला मोंतच्या कपेलात (टेकडीवरचं जुनं चॅपेल) एक कार्यक्रम ऐकायला गेलो होतो, जाड भिंती, माईक नाही, आणि मागच्या बाकावर पण नखाचा आवाज येत होता, तेव्हापासून आमच्या कौलारू हॉलमधे बसलं की जरा वाईट वाटतं. पण तिथे चहा मिळत नाही.

कोणी यावं? अगदी सुरुवात असेल तर आधी सहा महिने कोणाकडे तरी शिका, इथे कोणी हात धरून बोट ठेवायला शिकवत नाही. थोडं येतंय आणि घरी एकटं वाजवून कंटाळलाय, तर या. प्लायवूडच्या फळीची साधी गिटार असली तरी चालेल, उलट पावसाळ्यात तीच सुखी. पाचात साडेतीन देतो, अर्धा मार्क निवेदनाचा कापलाय, एक बसचा.

पैसे काल भरले. हाडाची नवीन पट्टी मागवून यावेळी मी दोन केल्यात, पावसाळी परवाच घातली. ऑगस्टच्या कॉन्सर्टला लाग्रिमा परत लावायला सांगितलंय, मुखड्यासकट. फॅनचं बटण त्या मुलाकडे दिलंय.