सात महिने, एक नायटा आणि पोता

माझ्या जिउ-जित्सूच्या वर्गाबद्दल चौथ्या महिन्यात लिहिलं असतं तर निव्वळ शिव्या निघाल्या असत्या. आता जरा थंड झालोय.

नाव घालण्याआधी तीन ठिकाणी डोकावून आलो होतो. ज्यूदोच्या वर्गाची फी निम्मी, पण सगळी शाळकरी पोरं. अडतिशीच्या माझ्याबरोबर जोडीला कोण उभं राहणार? दुसरीकडे एमएमएच्या (मिक्स्ड मार्शल आर्ट्स) नावाखाली पहिल्याच दिवशी नवख्यांना एकमेकांवर सोडलं होतं. तिथून पळालो. उरला बडोद्यातला, विश्वामित्री नदीपलीकडचा जिउ-जित्सूचा वर्ग, म्हणजे जमिनीवर लोळून गळा-सांधे आवळायची झुंज. नाव देत नाही. सर ब्राऊन बेल्ट (काळ्याच्या खालचा), शिकवणं नीटस. सहा महिन्यांचे एकदम भरले की सातवा फुकट, म्हणून १५,००० मोजले. गी, म्हणजे सरावाचा पोशाख, त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती, त्याचे वेगळे. (तो जाड झगा पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही, हे कुणी सांगत नाही. दोन झगे लागतात.)

बाबांनी पावती पाहिली आणि म्हणाले, "गामा पैलवानाने जिथे बाराशे किलोचा दगड उचलला, त्या गावात तू लोळायचे पैसे देतोस?" तो दगड सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये आहे, साल १९०२, त्यामुळे आमच्या घरात कुठलाही वाद तिथेच संपतो. आजोबा जुम्मादादांच्या आखाड्यात जायचे. पाठ टेकली की चीत, हे माझ्या रक्तात. इथे मात्र पाठीवर पडूनच, समोरच्याला पायांत धरून डाव सुरू होतो. हे अंगवळणी पडायला दोन महिने गेले.

आता मुद्द्याचं. मॅट.

कोडं जुळवल्यासारखे फोमचे तुकडे, त्यांच्या फटींत सगळ्यांचा घाम. लोक अनवाणी संडासाला जातात आणि तसेच येऊन मॅटवर झोपतात. मला हे दिसत होतं, पण पैसे भरून झाले होते. ऐन श्रावणात मानेवर लाल गोल चट्टा उठला. नायटा. मेडिकलवाल्याने दिलेल्या मलमाने चार दिवसांत खाज गेली, म्हणून खूश झालो, आणि मग तो दुप्पट पसरला. त्यात स्टेरॉइड होतं. त्याने लाली दबते, बुरशीचं मात्र फावतं. त्वचेच्या डॉक्टरांनी आधी मला झापलं, मग औषध दिलं. पाच आठवडे मॅट बंद.

तेवढे दिवस पुढे ढकलून द्या म्हटलं, तर सर म्हणाले, "पॉलिसी नाही." नायटा तुमच्याच मॅटवरचा, म्हणालो. "घरूनही होतो." त्या रात्री मी इतका तापलो होतो की बायकोने फोन काढून घेतला.

बाबांना मात्र विषय मिळाला. आखाड्याच्या मातीत हळद, तेल, ताक घालून ती रोज खणायचे, म्हणाले. फोमला कोण ताक पाजणार?

मी परत गेलो ते उरलेले पैसे वसूल करायला. सोबत बादली, पातळ केलेलं ब्लीच आणि पोता. (पोता म्हणजे फरशी पुसायचं फडकं. बडोद्यात आम्ही पोताच मारतो. पुण्याची आत्या दरवेळी विचारते, कुणाला?) सातच्या बॅचआधी मी एकटाच मॅट पुसायचो. तिसऱ्या दिवशी कॉलेजातली एक मुलगी दुसरा पोता घेऊन आली. वजनाने माझ्या निम्मी असेल. त्याच संध्याकाळी तिने माझ्याच कॉलरने माझा गळा आवळला. हरलो म्हणून मी हाताने थोपटलं मात्र, तिने त्या क्षणी सोडलं. मग जाणवलं, सात महिन्यांत इथे थोपटल्यावर अर्धा सेकंदही जास्त कुणी धरलेलं नाही. अपवाद एकच: एका पठ्ठ्याने धरलं, तर सरांनी त्याला दोन आठवडे घरी बसवलं. मानेचा जीव ज्यांच्या हातात द्यायचा, त्यांच्याबद्दल हे कळायला मला इतके दिवस लागले, कारण माझं लक्ष फटींत अडकलेलं. सरांबद्दलचं मत तेवढ्यापुरतं मागे घेतो. पॉलिसीबद्दलचं नाही.

तुम्ही बघायला जाल तेव्हा भिंतीवरची पदकं सोडा. मॅटच्या काठाला चपला आहेत का ते बघा. नसतील तर लोक संडासाला कसे जातात ते समजा. आणि फी महिन्याची महिन्याला भरा, सूट गेली खड्ड्यात.

मी आता तेच करतोय. या वेळी फीतून दोन पोते आणि ब्लीचचे २४० रुपये वळते करा, असं सरांना लिहून पाठवलंय. निळ्या टिक्स आल्यात, उत्तर नाही.