हसताना हिरड्या दिसायच्या म्हणून ओठाची सर्जरी केली, पाच महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, क्लिनिकचं नाव टाकणार नाही, कारण दोन क्लिनिक झाले आणि एकाबद्दल मी काही चांगलं लिहिणार नाहीये, मग दुसऱ्याचं तेवढं नाव टाकलं की लोक म्हणतात हिला पैसे मिळाले असतील. त्यामुळे हा रिव्ह्यू सर्जरीचा समजा. दोन्ही क्लिनिक छत्रपती संभाजीनगरात, मी जालन्याची, सगळं एसटीनं अपडाऊन करूनच केलं.

प्रॉब्लेम असा की मी हसले की वरच्या दातांच्या वर ५ मिलिमीटर हिरडी दिसायची. ऐकायला काहीच वाटत नाही पण पट्टीवर ५ मिलिमीटर बघा आणि मग आरशासमोर उभं राहा. शाळेत पोरं चिडवायची ते सोडा, पोरं कशावरूनही चिडवतात, पण आमच्या आत्यानं माझ्या साखरपुड्यात सगळ्यांसमोर "काहून हसती गं येवढी, पुऱ्या हिरड्या दिसू रायल्या" म्हणलं आणि तेव्हापासून मी फोटोत तोंड मिटून. लग्नाच्या अल्बममधे नवरा मस्त हसतोय आणि बाजूला मी पतसंस्थेच्या वसुलीला आल्यासारखी बसलेय.

पहिलं क्लिनिक इन्स्टाग्रामवरून सापडलं. एसी, कॉफी, भिंतीवर हसणाऱ्या बायांचे मोठमोठे फोटो. डॉक्टरांनी खुर्चीत बसवलं, "स्माईल करा" म्हणाले, दोन सेकंद बघितलं आणि सांगितलं की लेझरनं हिरड्या वर घेऊ आणि पुढच्या ६ दातांना व्हिनियर, म्हणजे वरून चिकटवायचे पातळ पापुद्रे, लावू, ७२ हजार, आजच बुक केलं तर डिस्काउंट. ना एक्सरे, ना माप, ना कसला प्रश्न. मी तर पटलेच होते, खरं सांगते, ५ हजार अॅडव्हान्स द्यायला पर्स पण उघडली. सोबत मम्मी होती. मम्मी जालन्यात पंचवीसेक वर्षांपासून ब्लाउज शिवते, ती बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "माप न घेता कात्री लावणाऱ्याकडं कापड ठेवायचं नसतं." झालं, उठलो आणि निघालो.

दुसऱ्या डॉक्टर म्हणजे पेरिओवाल्या मॅडम, हिरड्यांच्या स्पेशालिस्ट. साधं क्लिनिक, वरचा मजला, लिफ्ट बंद, वेटिंग रूममधे पंखा एक आणि माणसं अकरा. पावणेदोन तास बसलो आणि हा माझा एकमेव राग आहे त्यांच्यावर, अपॉइंटमेंट बाराची म्हणजे बाराची असावी ना. पण आत गेल्यावर मॅडमनी अर्धा तास नुसतं मोजलं. नाकाच्या खालपासून ओठाच्या कडेपर्यंत, तोंड सैल सोडून, २१ मिलिमीटर, म्हणजे बाईच्या ओठाला नॉर्मल. दाताची उंची १० मिलिमीटर, ती पण नॉर्मल. तोंड सैल असताना दात ३ मिलिमीटर दिसतात, ते पण ठीक. मग म्हणाल्या हसा. खोटं नाही, खरं हसा. खरं हसू येईना, मग मम्मीनं आत्याची नक्कल केली आणि आलं. तेव्हा कळलं की माझा ओठ हसताना १२ मिलिमीटर वर पळतो, साधारण लोकांचा ६ ते ८ जातो. म्हणजे हिरड्या जास्त नाहीत, दात छोटे नाहीत, जबडा लांब नाही. ओठच उड्या मारतो.

हे एवढं मुद्दाम लिहिते कारण सगळा खेळ इथंच आहे. हिरडी दिसायची कारणं वेगवेगळी असतात आणि बाहेरून सगळी सारखीच दिसतात. काहींचे दात पुरेसे लांब असतात पण हिरडी त्यांच्यावर खाली उतरून बसलेली असते, दात बुटके आणि चौकोनी दिसतात, त्यांना हिरडी थोडी कापली की काम होतं, माझ्या मामेबहिणीचं तसंच होतं, ती एका दुपारीत मोकळी झाली. काहींचा वरचा जबडाच उभा लांब असतो, तिथं जबड्याचं हाड कापून वर सरकवतात, पूर्ण भूल देऊन, हॉस्पिटलात राहून, ते मोठं ऑपरेशन. काहींचे पुढचे दातच खाली उतरलेले असतात, त्यांना तारा लावून वर खेचतात. आणि माझ्यासारख्यांचा ओठ. माझी हिरडी कापली असती तर काय झालं असतं हे मॅडमनी एक्सरेवर दाखवलं, हिरडीची कड हाडापासून साधारण ३ मिलिमीटर लांब असते, ती जागा शरीराला लागतेच, ती खाल्ली तर एकतर हिरडी परत वाढते नाहीतर कायम लाल आणि सुजलेली राहते. आणि माझ्या चांगल्या दातांना वरून घासून व्हिनियर बसले असते ते वेगळंच.

यात मम्मीचा पण एक विषय निघाला. तिनं सहज विचारलं की माझ्या हिरड्या पण दोनतीन वर्षांपासून फुगल्यासारख्या झाल्यात. मॅडमनी बीपीची गोळी कुठली विचारलं. अम्लोडिपिन. त्या गोळीनं काही जणांच्या हिरड्या वाढतात म्हणे, फिटच्या एका गोळीनं पण वाढतात. गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका, बीपीवाल्या डॉक्टरांना विचारा असं दोनदा बजावून सांगितलं आणि दात साफ करून दिले. मी माझ्या हसण्याला गेले आणि मम्मीची गोळी बदलून आली, असं झालं.

मॅडमनी आधी बोटॉक्सचा पर्याय पण सांगितला होता. नाकाच्या बाजूला सुई, पाच मिनिटाचं काम, ओठ वर ओढणारा स्नायू ढिला पडतो, पण तीनचार महिन्यांत उतरतं आणि मग परत पैसे. लग्नसराईपुरतं पाहिजे असेल तर बरं आहे. मला दर चार महिन्यांला संभाजीनगरच्या चकरा नको होत्या. म्हणून लिप रिपोझिशनिंग, म्हणजे हीच ओठाची सर्जरी. ही पद्धत काही आजची नाही, १९७३ साली रुबिनस्टाईन आणि कोस्तियानोव्हस्की या प्लास्टिक सर्जरीवाल्यांनी लिहिली आणि दाताच्या डॉक्टरांकडं ती बरीच नंतर आली. वरच्या ओठाच्या आतली जी ओली कातडी आहे तिची एक पट्टी काढायची, जेवढी हिरडी दिसते त्याच्या साधारण दुप्पट रुंद, म्हणजे माझी १० मिलिमीटर, आणि ओठाची कड खाली हिरडीच्या वरच्या कडेला शिवून टाकायची. ओठ आतून आखूड पडतो, वर जायला जागाच राहत नाही. मम्मीला हे समजवायला एक मिनिट लागला नाही, "म्हणजे आतून दुमडून टीप मारायची, सुलटीकडून दिसू द्यायची नाही."

आणि पुढची गोष्ट तर तिला एवढी आवडली की गल्लीत सगळ्यांना सांगितली. कापायच्या आधी मॅडमनी कच्चे टाके घातले! जागा बधिर करून ओठ आतून नुसता दुमडून चारपाच टाके, मग बसवलं, आरसा दिला, हसून बघा. अगदी ब्लाउजची ट्रायल. डावीकडं जरा जास्त ओढल्यासारखं वाटलं तर तिथला टाका उसवून परत घातला. मग निळ्या पेननं खुणा केल्या आणि खरं काम सुरू. मधली जी दोरी असते ओठाला हिरडीशी बांधणारी, ती तशीच ठेवली, म्हणजे ओठाचा मध्य हलत नाही. सव्वा तास लागला. दुखलं फक्त सुया टोचताना, वरच्या ओठाच्या आत सुई म्हणजे डोळ्यातून टचकन पाणी येतंच, नंतर नुसतं ओढल्यासारखं. दोऱ्याचा सर्रर आवाज मात्र डोक्यात ऐकू येतो, त्याची तयारी ठेवा.

आता तारीख. माझी चूक, मी १० जानेवारी घेतली, ऑफिसला संक्रांतीची सुट्टी जोडून मिळत होती म्हणून. दुसऱ्या तिसऱ्या दिवशी ओठ असा सुजला की नवरा बोलायचा बंद, तो हसला की मला हसू यायचं आणि हसायला सक्त मनाई होती, नाहीतर टाके तुटतात. प फ ब भ म एकही अक्षर निघत नव्हतं. संक्रांतीला बाया वाण घेऊन आल्या, तिळगूळ घ्या गोड गोड बोला, आणि मी नुसती मान हलवतेय, एका काकूंना वाटलं सुनेला गर्व आलाय. तीळ तर खायचाच नव्हता, टाक्यात अडकतो. त्यात अंबडला चुलत सासऱ्यांच्या शेतात हुरडा पार्टी, सगळे गरम हुरडा आणि शेंगदाण्याची चटणी खातायत आणि मी स्टीलच्या डब्यातून गार खिचडी. दहा दिवस खिचडी, ताक, ज्वारीच्या कण्या, शिरा, सगळं गारच. वरचे पुढचे दात घासायचे नाहीत, नुसतं क्लोरहेक्सिडिननं चूळ भरायची, त्यानं जिभेची चव जाते आणि दातावर तपकिरी डाग पडतात, नंतर साफ करून मिळाले. म्हणून तारीख घेताना सणवार बघून घ्या बाई, मी सांगायचं काम केलं.

टाके बाराव्या दिवशी काढले. तिसऱ्या आठवड्यात ओठाच्या आत पाण्याचा छोटा फोड आला, मी घाबरून फोटो पाठवला, तिथल्या थुंकीच्या बारीक ग्रंथी दबल्या की असं होतं म्हणाल्या, थांबा. आपोआप फुटून गेला. ओठ कातड्यासारखा ताठ वाटायचा तो दोन महिने, आता वाटत नाही. आत एक पांढरी रेघ आहे, ओठ बोटानं उचलला तरच दिसते आणि आमच्या आत्याशिवाय कोणी उचलून बघितलेलं नाही.

रिझल्ट. सुरवातीला १ मिलिमीटर हिरडी, मी एकदम खूश. तीन महिन्यांनी मोजलं तर २. असं थोडं परत येणं बऱ्याच जणांचं होतं, मॅडमनी आधीच सांगितलं होतं आणि लिहून सही पण घेतली होती. मम्मी म्हणाली नवीन टीप पहिल्या धुण्यात थोडी सैल पडतेच. ५ ची २ झाली याच्यावर मी खूश आहे, कारण २ दिसली तर ते नॉर्मल हसण्यात येतं. पण इन्स्टावरचे फोटो टाके काढल्यावर लगेचचे असतात हे लक्षात ठेवा, डॉक्टरला वर्षभरानंतरचा फोटो मागा.

खर्च ३२ हजार, एक्सरे आणि औषधं धरून ३५ च्या आत. मेडिक्लेमनं एक रुपया दिला नाही, कॉस्मेटिक म्हणून. स्वस्तात पाहिजे असेल तर संभाजीनगरला घाटी म्हणजे सरकारी दवाखान्याच्या आवारात गव्हर्मेंट डेंटल कॉलेज आहे, तिथं हिरड्यांचा वेगळा विभाग आहे, निदान माप आणि कारण तरी तिथून काढून घ्या, मला हे आधी सुचलं असतं तर पहिल्या क्लिनिकची कॉफी प्यायची वेळ आली नसती.

सर्जरीला पाचपैकी चार. वेटिंग रूमला एक, तो पण पंख्यासाठी. जुलैमधे सहा महिन्यांचं माप आहे, २ च राहिली की ३ झाली ते टाकते.