ओट्याखाली काय बसवावे: जाळीच्या ट्रॉल्या की टँडम ड्रॉवर?

सांगलीत नवे स्वयंपाकघर करताना ओट्याखाली स्टीलच्या जाळीच्या ट्रॉल्या बसवाव्यात की बंद बाजूंचे टँडम ड्रॉवर, हा प्रश्न हमखास येतो. दुकानात उभे राहून त्याचे उत्तर मिळत नाही, कारण तिथे दोन्ही रिकामे असतात आणि दोन्ही बोटाने ढकलले तरी सरकतात. त्यांत काय ठेवायचे आहे आणि घर कोणत्या मजल्यावर आहे, या दोन गोष्टींवर हा निर्णय घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

जाळीची ट्रॉली दोन्ही बाजूंच्या टेलिस्कोपिक चॅनेलवर, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर सरकते, तर टँडमचे चॅनेल ड्रॉवरच्या तळाखाली झाकलेले असतात. दोन्ही प्रकारांत तीस-चाळीस किलो वजन पेलणारे चॅनेल मिळतात, त्यामुळे वजनाच्या आकड्यावरून निवड होत नाही. फरक रोजच्या वापरात दिसतो. जाळीत ताटे उभी राहतात, धुतलेल्या भांड्यांचे पाणी निथळते आणि वारा लागतो. मात्र डाळींचे लहान डबे तारांमध्ये कलतात आणि ट्रॉली ओढली की एकमेकांवर आपटतात. टँडमचा तळ सपाट असल्याने डबे जागचे हलत नाहीत, शिवाय ड्रॉवर पूर्ण बाहेर येत असल्यामुळे मागच्या रांगेतली मोहरीही वाकून शोधावी लागत नाही. परंतु हा तळ बहुधा लाकडी बोर्डाचा असतो, आणि ओली भांडी त्यात ठेवण्याची सवय असेल तर तो कडेने फुगू लागतो. वर्षाच्या चटणीच्या चिनी मातीच्या बरण्यांसाठी टँडम घ्यायचा असेल, तर तो उंच बाजूंचाच घ्यावा. गहू-ज्वारीची साठवण दोन्हींत करू नये. तिच्यासाठी कोठीच योग्य.

नदीकाठच्या तळमजल्यावर मात्र विचार वेगळा करावा लागतो. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली होती. तिथे धोक्याची पातळी 45 फूट मानली जाते. तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात एका भिंतीला कडप्प्याच्या खणांत जाळीच्या ट्रॉल्या होत्या आणि दुसऱ्या भिंतीला प्लायवूडच्या कपाटात टँडम, त्यामुळे दोन्हींचे काय होते ते मी एकाच खोलीत पाहिले. ट्रॉल्या उचलून अंगणात धुतल्या आणि उन्हात वाळवल्या. चॅनेलच्या गोळ्यांमध्ये बारीक गाळ बसून खरखर येत होती, म्हणून तेवढे चॅनेल बदलले. टँडमचे तळ मात्र पुरणपोळीसारखे टम्म फुगले होते, कपाटाच्या कडांचे लॅमिनेट सुटले होते आणि त्या भिंतीचे काहीच वाचवता आले नाही. आयएस 710 दर्जाचे, म्हणजे मरीन प्लायवूड पाण्याला अधिक दाद देत नाही हे खरे, पण कापलेल्या कडा आणि स्क्रूची छिद्रे नीट बंद केलेली नसतील तर तेथून पाणी शिरतेच.

म्हणून पुराच्या पट्ट्यात तळमजल्यावर राहणाऱ्यांनी कडप्प्याचे खण आणि 304 दर्जाच्या, म्हणजे सहसा न गंजणाऱ्या स्टीलच्या ट्रॉल्याच घ्याव्यात. चुंबक लावून हा दर्जा ओळखता येतो, या समजुतीवर विसंबू नये, कारण स्वस्त 202 स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही. दर्जा बिलावर लिहून घ्यावा. विश्रामबागेसारख्या भागात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी डबे-मसाल्यांसाठी दोन-तीन टँडम आणि भांड्यांसाठी जाळी, अशी विभागणी करावी. टँडम बरेच महाग पडतात, तेव्हा सगळीकडे तेच बसवण्यात अर्थ नाही. सिंकखाली तर दोन्ही नकोत. तिथे नळ दुरुस्त करणाऱ्याचा हात पोहोचला पाहिजे.

माप देण्यापूर्वी घरातली सर्वांत मोठी परात मोजावी. जाळीच्या ट्रॉलीचे चॅनेल प्रत्येक बाजूला सुमारे अर्धा इंच जागा घेतात, म्हणजे 20 इंचांच्या खणात 19 इंचांचीच ट्रॉली बसते, आणि तारांची जाडी वजा जाता परातीला त्याहूनही कमी जागा उरते.