जुनी कन्व्हर्टिबल उभी करताना: ओरिजिनल की मनासारखी?

गाडी घेऊन झाली, पत्रा कुठे कुठे सडलाय तेही कळलं. आता कामाला हात घालायचा, तर इथेच घोडं अडतं. कारखान्यातून आली तशीच उभी करायची, की आपल्याला हवी तशी? हा फेरा मी एकाच गाडीवर दोनदा केला आहे. १९६६ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे ब्रिटिश बनावटीची दोन सीटची उघडी गाडी. आधी मनासारखी केली, मग चार वर्षांनी बऱ्याच गोष्टी उलट्या फिरवल्या. त्यामुळे दोन्ही बाजूंचं मीठ खाल्लंय, आणि पुढे जे लिहितोय ते तेवढ्याच अनुभवावर. दुसऱ्या कुणाच्या गाडीने वेगळं शिकवलं असेल तर माझा वाद नाही.

काही कामं या वादात येतच नाहीत. छप्पर नसलेल्या गाडीचा भार सिलवर, म्हणजे दाराखालच्या पोकळ पत्र्याच्या पट्ट्यांवर, असतो. त्या कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा आधार वेल्ड करून घ्या, नाहीतर नवी सिल छान बसेल आणि दार लागणार नाही. तिथे आवडनिवड कसली? ब्रेक आणि सीटबेल्टचंही तेच.

आता रंग. ब्रिटिश मोटर म्युझियमच्या हेरिटेज सर्टिफिकेटात (कारखान्याच्या जुन्या नोंदींवरून मिळणारा दाखला) माझ्या गाडीचा मूळ रंग निघाला पेल प्रिमरोज. म्हणजे साय, आणि तीत चिमूटभर हळद. माझ्या डोक्यात लहानपणापासून गर्द हिरवी स्पोर्ट्स कार बसलेली, त्यामुळे सर्टिफिकेट फाइलला लावलं आणि गाडी हिरवी केली. बाहेरून दृष्ट लागावी अशी दिसायची. पण बॉनेट उघडलं की इंजिनामागची भिंत पिवळी, डिकीचं झाकण वर केलं की कडा पिवळ्या, कार्पेट उचललं की खाली पुन्हा पिवळं. हिरव्या शालूखालून पिवळा परकर दिसावा तसं. रंग पुरता बदलायचा तर इंजिन, वायरिंग, काचा, आतलं अस्तर, सगळं उतरवावं लागतं. तुमची गाडी तशीही नुसत्या सांगाड्यापर्यंत खोलली जाणार असेल तर खुशाल हवा तो रंग द्या. इंजिन जागेवर ठेवून रंगवणार असाल तर आहे तोच बरा.

हुडाच्या, म्हणजे वरच्या मऊ छपराच्या, बाबतीत मात्र माझं मत सरळ मनासारखं करण्याच्या बाजूने. माझ्या गाडीचा मूळ हूड सुटा होता. डिकीतून दांडे काढायचे, खाचांत बसवायचे, वर विनाइल ताणायचं आणि एकेक बटण दाबत फिरायचं. थंडीत विनाइल आखडतं, शेवटचं बटण बोटभर अलीकडे राहतं, आणि तोवर सीटवर तळं साचलेलं असतं. मी घडीची फ्रेम बसवली. ती त्या काळी कारखानाच जादा पैसे घेऊन द्यायचा, त्यामुळे शुद्धतावाद्यांनाही फार बोलता येत नाही. वरचं मोहेअर कापड मात्र निव्वळ माझा लाड. (मागची खिडकी प्लास्टिकची असेल तर थंडीत घाईने दुमडू नका, चिरते. घडीत जुना टॉवेल घालायचा.)

इथवर पारडी साधारण सारखी होती. निकाल लावला तो वायरिंगने.

मनासारख्या अवतारात मी पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं अधिक टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं) बदलून निगेटिव्ह केलं, बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या डायनामोच्या जागी अल्टरनेटर, नवा फ्यूजबॉक्स, जादा दिवे, गाणी, फोनचं चार्जर. प्रत्येक बदल आपापल्या जागी शहाणपणाचाच होता. फक्त हे सगळं मी सुट्टीच्या दिवशी, हाताशी असलेल्या एका मोठ्या बंडलातून केलं. बंडल लाल होतं. पंपाची वायर लाल, हॉर्नची लाल, चार्जरची लाल.

मग एका रात्री, भर पावसात, इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. किल्ली फिरवली की एसयू कंपनीचा विजेवरचा पेट्रोल पंप मागून टिकटिक करतो, ती टिकटिक नाही. म्हणजे पंपाला वीज पोचत नाही, एवढं डोळे मिटून सांगता येत होतं. मॅन्युअल सोबत होतं. त्यात लिहिलेलं की इग्निशनपासून पंपाकडे पांढरी वायर जाते. मी टॉर्च दातात धरून डॅशबोर्डखाली डोकं घातलं, तर समोर पाच लाल वायरी. त्यातली पंपाची कुठली? वायरी ओढणारा मीच, आणि मलाच सांगता येईना. दोन तासांनी सापडलं. मीच बसवलेल्या रिलेचा (विजेने चालणाऱ्या स्विचचा) जोड, त्यावरची चिकटपट्टी सुटलेली.

ओरिजिनल म्हणजे काय ते मला त्या रात्री वेगळंच कळलं. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या वायरिंगला ठरलेली भाषा असते. तपकिरी थेट बॅटरीकडून, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून गेलेली, जांभळी फ्यूजमधून पण कायम चालू, निळी हेडलाइटची, लाल साइड आणि टेललाइटची, काळी अर्थिंगची. ही भाषा कळणारा जगातला कुठलाही मेकॅनिक माझ्या गाडीखाली न विचारता हात घालू शकला असता. मी ती पुसून टाकली आणि गाडीचा नकाशा फक्त माझ्या डोक्यात उरला. डोकं हे असं, रात्री अकराला भिजलेलं.

नंतर मूळ रंगांचा पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, घातला. वर्षभराने पंप पुन्हा गप्प झाला. पांढरी वायर धरून मागे मागे गेलो, एका बुलेट कनेक्टरला (दोन वायरी जोडणाऱ्या दाबाच्या जोडाला) हिरवट थर आलेला. उपसून घासला, परत दाबला, टिकटिक सुरू. दहा मिनिटं, आणि तीही हात पुसण्यासकट.

यावर म्हणाल की दोष लाल बंडलाचा, बदलांचा नाही. खरं आहे. बदल करून नीट आकृती काढून ठेवणारे लोक असतीलच. मी ठेवली नव्हती, आणि ज्यांच्या बदललेल्या गाड्या मी पाहिल्या त्यांनीही ठेवलेली दिसली नाही. गाडी विकली की वही हरवते, वायरी राहतात.

अर्थिंग मी परत उलटं केलं नाही, हेही सांगायला हवं. १९६७ च्या अखेरीस कारखान्यानेच निगेटिव्ह अर्थ आणि अल्टरनेटर दिला. त्यामुळे चार्जिंगपुरती पुढच्या मॉडेलची आकृती माझ्या गाडीला लागू पडते, आणि बॉनेटखाली तशी चिठ्ठी डकवली आहे. आता मी हीच फूटपट्टी लावतो: बदल असा हवा, की तो कुठल्यातरी छापील पानावर सापडेल किंवा तासाभरात काढून टाकता येईल. इलेक्ट्रॉनिक इग्निशन डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली दडतं आणि जुने पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) डिकीतल्या डब्यात राहतात, म्हणून चालतं. पत्र्याला भोक पाडून लावायची वस्तू असेल तर दहादा विचार करा.

गाडी कुठली यावरही बरंच अवलंबून आहे. एमजीबी सगळे प्रकार धरून पाच लाखांहून जास्त बनल्या. त्यातल्या एकीचा रंग बदलला म्हणून कुणाचं सुतक नाही. मर्सिडीजची ३०० एसएल रोडस्टर १९५७ ते १९६३ मध्ये फक्त १,८५८ झाली. तशी काही तुमच्या शेडमध्ये असेल तर माझा लेख वाचण्यात वेळ घालवू नका, स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा आणि आधी प्रत्येक भागाचे फोटो काढा.

माझी अजून हिरवीच आहे. क्लच मात्र कुरकुरायला लागलाय, आणि एमजीबीत क्लचसाठी इंजिन बाहेर काढावंच लागतं. प्रिमरोजचं शेड कार्ड शेडच्या भिंतीला लावून ठेवलंय. रोज बघतो, आणि आताशा त्यातली हळद तितकी खुपत नाही.